कंटेनरमधले सिसलॉग होस्टवर कसे पाठवता? /डेव्ह/लॉग माउंट करूनही लॉग गायब

सातारी_सर्व्हर

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे तीन जुने प्रोग्रॅम डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारी पेटी) हलवायचं काम सुरू आहे. पोस्टफिक्स (मेल सर्व्हर), एचएप्रॉक्सी १.८ (आलेल्या विनंत्या सर्व्हरमध्ये वाटणारा) आणि बिलिंगचा सी-मध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम, ज्याच्या कोडला हात लावायची परवानगी नाही. तिघंही लॉग थेट सिसलॉगला देतात, एसटीडीआउटवर (प्रोग्रॅमचं नेहमीचं, स्क्रीनवर येणारं आउटपुट) काही लिहीत नाहीत. त्यामुळे 'डॉकर लॉग्ज' मारलं की कोरी स्क्रीन. ऑडिटवाल्यांना मात्र सगळं होस्टच्या (कंटेनर ज्यावर चालतात ते मशीन) आरसिसलॉगमध्ये, म्हणजे तिथे सिसलॉग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एकत्र हवंय. तिथून ते मध्यवर्ती सर्व्हरला जातं.

सध्या होस्टचा /डेव्ह/लॉग कंटेनरमध्ये बाइंड माउंट केलाय, म्हणजे होस्टवरची तीच फाइल आत दिसते. उबुंटूच्या मशीनवर बिलिंग आणि पोस्टफिक्सचे लॉग व्यवस्थित येतात. अल्पाइनच्या मशीनवर आधी येतात आणि मग कधीतरी अचानक थांबतात. कंटेनर रिस्टार्ट केला की पुन्हा सुरू. एचएप्रॉक्सीचे तर दोन्हीकडे मुळातच येत नाहीत. थांबलेले असताना कंटेनरमध्ये शिरून लॉगर कमांड (सिसलॉगला हाताने मेसेज पाठवणारी) चालवून पाहिली. एरर नाही, एक्झिट कोड शून्य, आणि होस्टवर मेसेजही नाही.

हे का होतंय? आणि मुळात हा मार्ग बरोबर आहे का, की डॉकरचा सिसलॉग ड्रायव्हर वापरायचा?

मुळाकाठ

एसटीडीआउट. अ‍ॅपने लॉग तिथे लिहावेत, ते पुढे कुठे न्यायचे हे बाहेरच्यांनी ठरवावं. हेरोकू या क्लाउड कंपनीवाल्यांनी २०११ मध्ये आपल्या बारा कलमांत हे स्पष्ट सांगून ठेवलंय. होस्टचं सॉकेट आत माउंट केलं की कंटेनर त्या होस्टला बांधला जातो. सिसलॉग ड्रायव्हर लावा आणि माउंट काढून टाका.

रेवती_क

मुळाकाठ, तत्त्व मान्य. पण ड्रायव्हर उचलतो तो एसटीडीआउट आणि एसटीडीएररवर आलेला मजकूर. यांचे प्रोग्रॅम तिथे लिहीतच नाहीत म्हटल्यावर सिसलॉग लावा नाहीतर जर्नलडी (सिस्टिमडीचा लॉग साठवणारा भाग) लावा, त्याच्या हाती काय लागणार?

सातारी, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. सी-मधलं सिसलॉगचं फंक्शन /डेव्ह/लॉग नावाच्या युनिक्स सॉकेटवर (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमांनी बोलायची, फाइलसारखी दिसणारी खिडकी) मेसेज टाकतं. डॉकर प्रत्येक कंटेनरला नवी कोरी /डेव्ह देतो, त्यात नल, झीरो, रँडम, टीटीवाय अशी मोजकीच मंडळी असतात. लॉग नसतो. तो तुम्ही माउंट केलात, छान. पण हे फंक्शन काहीच परत करत नाही. सॉकेट नसलं, असून मेलेलं असलं, तरी प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही आणि तो पुढे चालत राहतो. म्हणून सगळं ठीक दिसतं.

दोन्ही होस्टवर 'एलएस -एल /डेव्ह/लॉग' काय दाखवतं ते टाका. आणि अल्पाइनवर लॉग थांबतात त्या वेळी नक्की काय रिस्टार्ट होतं तेही बघा.

नानबा

कंटेनर वाचून न्हावाशेवा बंदराचा धागा समजून उघडला. आता आलोच आहे तर कोणी सांगेल का, हे सिसलॉग म्हणजे काय?

बापू_नाशिक

नानबा, बसा. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते ना, कोणीही आलं-गेलं, काही घडलं की वेळ टाकून नोंद? तसं. मशीनवरचा प्रत्येक प्रोग्रॅम आपापली वही न काढता एकाच ठिकाणी नोंद देतो आणि सोबत 'मी कोण' आणि 'प्रकरण किती गंभीर' हेही सांगतो. गंभीरतेच्या ८ पायऱ्या आहेत. ० म्हणजे मशीन निकामी होण्याच्या बेतात, ७ म्हणजे डीबगची बारीकसारीक बडबड.

हे काम एरिक ऑलमन यांचं, ८०च्या दशकातलं, सेंडमेल या मेल सर्व्हरसाठी केलेलं. पुढे सगळ्या युनिक्सने उचललं. पद्धत आधी रूढ झाली आणि कागदावर फार उशिरा आली. आरएफसी ३१६४ निघाला २००१ मध्ये, तोही 'लोक जे करतायत ते असं आहे' अशा थाटाचा. खरं प्रमाण ठरलं २००९ च्या ५४२४ मध्ये. 'मी कोण'च्या यादीत आजही यूयूसीपी आणि न्यूजग्रुप बसलेले आहेत, ज्यांना आताची पोरं ओळखणारही नाहीत. मला ती यादी वाचायला फार आवडते.

नानबा

समजलं बापू. वाचत राहतो.

सातारी_सर्व्हर

रेवतीताई, उबुंटूवर /डेव्ह/लॉग हा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) आहे, /रन/सिस्टिमडी/जर्नल/डेव्ह-लॉग कडे जाणारा. अल्पाइनवर सिमलिंक नाही, थेट सॉकेट. तिथे सेवा सुरू-बंद करायला ओपनआरसी आहे, सिस्टिमडी नाही. आणि लॉगरोटेटच्या (जुन्या लॉग फाइली बाजूला काढणारा) स्क्रिप्टमध्ये कोणीतरी आरसिसलॉगला रिस्टार्ट लिहून ठेवलाय. लॉग थांबण्याची वेळ त्याच्याशी जुळते.

खिडकीतला_पेंग्विन

मग सापडलं. आता हे शेवटपर्यंत डोळ्यांनी बघून घ्या. लॉग थांबलेले असताना होस्टवर 'एलएस -आय /डेव्ह/लॉग' मारा, मग तेच कंटेनरमध्ये मारा. आयनोड नंबर (नावामागच्या खऱ्या फाइलचा क्रमांक) वेगळे दिसतील.

होतं असं. एकट्या फाइलचा बाइंड माउंट नावावर बसत नाही, त्या क्षणी त्या नावामागे जो आयनोड आहे त्यावर बसतो. आरसिसलॉग रिस्टार्ट होताना जुनं सॉकेट पुसतो आणि त्याच नावाने नवं बनवतो. होस्टवरच्या लोकांना नवं दिसतं. कंटेनर मात्र जुन्यालाच धरून असतो, ज्याच्या पलीकडे आता ऐकणारं कोणी नाही. लायब्ररी पुन्हा जोडणी करून बघते, पण जोडते त्याच मेलेल्या आयनोडला. उत्तर येतं 'कनेक्शन रिफ्यूज्ड', आणि ते गिळलं जातं. कंटेनर रिस्टार्ट केला की माउंट नव्याने होतो, म्हणून बरं वाटतं.

उबुंटूवर हे होत नाही, कारण तिथलं सॉकेट सिस्टिमडीने स्वतः धरून ठेवलेलं असतं. जर्नलडी रिस्टार्ट झाला तरी त्याला तेच सॉकेट परत हातात मिळतं. फाइल बदलत नाही, आयनोड बदलत नाही.

अल्पाइनवर उपाय: फाइल माउंट करू नका, डिरेक्टरी माउंट करा. आरसिसलॉगच्या आयएमयूएक्ससॉक (सॉकेट वाचणाऱ्या) मोड्यूलला आणखी एक इनपुट द्या, समजा /रन/कंटेनरलॉग/लॉग. क्रिएटपाथ ऑन ठेवा म्हणजे डिरेक्टरी नसली तर तो बनवेल. मग /रन/कंटेनरलॉग ही पूर्ण डिरेक्टरी कंटेनरमध्ये माउंट करा. आत सॉकेट कितीही वेळा पुसलं आणि बनलं, तरी डिरेक्टरी तीच असल्यामुळे नवं सॉकेट कंटेनरला लगेच दिसतं.

इथे एक मेख आहे. प्रोग्रॅमला /डेव्ह/लॉगच हवा, म्हणून तिकडे सिमलिंक लागतो. तो इमेज बांधताना डॉकरफाइलमध्ये टाकून उपयोग नाही, कारण कंटेनर सुरू होताना /डेव्हवर ताजी टीएमपीएफएस (मेमरीतली रिकामी फाइलसिस्टिम) चढते आणि तुमचा सिमलिंक तिच्याखाली गाडला जातो. एन्ट्रीपॉइंट स्क्रिप्टमध्येच (कंटेनर सुरू होताना चालणारी) बनवायचा. त्याला रूट लागतो. कंटेनर साध्या यूजरने चालत असेल तर स्क्रिप्ट रूटने सुरू करा, सिमलिंक बनवा आणि मग एसयू-एक्झेकने साध्या यूजरवर उतरून प्रोग्रॅम चालवा.

आणि लॉगरोटेटमधला रिस्टार्ट काढाच. फाइल फिरवल्यावर आरसिसलॉगला एचयूपी सिग्नल (फाइली पुन्हा उघड, असा इशारा) पुरतो.

शून्यपाच

पेंग्विन, प्रतिसाद साठवून ठेवला. डॉकरफाइलमधला सिमलिंक गायब होतो हे आमच्याकडेही छळत होतं, त्यामागचं कारण मात्र कोणालाच कळत नव्हतं.

डोंबिवली_फास्ट

एचएप्रॉक्सीचं मी सांगतो. सेटिंगमध्ये 'सीएचरूट' ओळ आहे का बघा. असणारच, सगळ्या नमुना फाइलींत असते. एचएप्रॉक्सी सुरू झाल्यावर त्या रिकाम्या डिरेक्टरीत स्वतःला कोंडून घेतो आणि प्रत्येक मेसेजला /डेव्ह/लॉग हा रस्ता तिथूनच शोधतो. तिथे तो नाहीच. माउंट कितीही बरोबर असला तरी त्याला दिसणार नाही.

सरळ रस्ता म्हणजे व्हर्जन वाढवा. १.९ पासून तो एसटीडीआउटवर लॉग लिहू शकतो, ग्लोबलमध्ये 'लॉग एसटीडीआउट फॉरमॅट रॉ लोकल०' इतकंच. १.८ चा सपोर्ट केव्हाच संपलाय, ते तसंही इंटरनेटसमोर ठेवू नये. पोस्टफिक्सलाही ३.४ पासून (२०१९) मेललॉग_फाइल = /डेव्ह/एसटीडीआउट ही सोय आहे, फक्त 'पोस्टफिक्स स्टार्ट-एफजी'ने चालवा. म्हणजे तुमच्या तिघांपैकी दोघं मुळाकाठच्या मार्गाने जातात आणि सॉकेट उरतं एकट्या बिलिंगपुरतं.

मुळाकाठ

हेच म्हणत होतो! एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अधिकृत इमेजमध्येही अ‍ॅक्सेस लॉग म्हणजे एसटीडीआउटकडचा सिमलिंक आणि एरर लॉग म्हणजे एसटीडीएररकडचा. सगळे तिकडेच चाललेत.

रेवती_क

चाललेत, पण फुकट नाही. सिसलॉगमधून ८ पायऱ्यांची गंभीरता येते. एसटीडीआउटवरून डॉकरच्या सिसलॉग ड्रायव्हरने पाठवलं की दोनच उरतात: एसटीडीआउट म्हणजे इन्फो, एसटीडीएरर म्हणजे एरर. 'वॉर्निंग' आणि 'क्रिटिकल' एकाच गाठोड्यात. ज्यांचे अलार्म गंभीरतेवर बसवलेले आहेत त्यांची पंचाईत होते. फॅसिलिटीही (बापूंचं 'मी कोण') सगळ्यांची 'डेमन' होते, वेगळी सांगितली नाही तर. पोस्टफिक्सचे लॉग 'मेल' फॅसिलिटीवर गाळणारे नियम असतील तर ते गपचूप रिकामे पडतील. सातारी, स्थलांतर करताना टॅग आणि फॅसिलिटी दोन्ही प्रत्येक कंटेनरला हाताने द्या.

शिवाय १६ केबीपेक्षा लांब ओळ डॉकर तोडतो. जावाचे स्टॅक ट्रेस किंवा मोठे जेसन (नाव-किंमत जोड्यांचा मजकूर) ओळीत लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुळाकाठ

गंभीरतेचा मुद्दा मान्य करतो. पण ती मजकुरातच जेसन करून लिहावी आणि पुढे आरसिसलॉगने वाचावी. ड्रायव्हरवर विसंबू नये.

रेवती_क

नवीन कोड असेल तर नक्कीच. इथे कोडला हात लावायचा नाही, ही अट आहे.

अनघा_डब्लिन

कोणी अजून बोललं नाही म्हणून लिहिते, कारण हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. /डेव्ह/लॉग माउंट केलेल्या कंटेनरला होस्टचा आरसिसलॉग अडवू शकतो.

पूर्वीच्या एका नोकरीत (कंपनीचं नाव नको) एका दुपारी एकेक करून सगळ्या कंटेनरमधले प्रोग्रॅम गोठले. सीपीयू शांत, मेमरी मोकळी, नेटवर्क ठीक. एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणारा) लावला तर प्रत्येक प्रोसेस एकाच जागी उभी: सॉकेटवर पाठवण्याच्या सिस्टिम कॉलमध्ये. होस्टवर नवं एसएसएच लॉगिनही अडकत होतं, कारण लॉगिनची नोंदही त्याच वाटेने जाते. मूळ कारण तिसरीकडेच होतं. मध्यवर्ती लॉग सर्व्हर टीसीपीवर उत्तर देत नव्हता. आरसिसलॉग पुढे पाठवायला थांबला, त्याची मुख्य रांग भरली, मग त्याने सॉकेट वाचणं सोडलं, सॉकेटची रांग भरली, आणि सिसलॉग फंक्शन हाक मारणाऱ्याला धरून बसलं. कर्नलची त्या रांगेची मूळ मर्यादा १० मेसेज आहे. सिस्टिमडी ती ५१२ करतो, पण अल्पाइनवर सिस्टिमडी नाही, म्हणून सातारी, तुमच्याकडे हे लवकर घडेल. नेट.युनिक्स.मॅक्स_डीग्राम_क्यूलेन तपासा.

उपाय सोपा आहे, आधी करायला हवा इतकंच. पुढे पाठवणाऱ्या अ‍ॅक्शनला स्वतःची रांग द्या. प्रकार लिंक्डलिस्ट, क्यू.फाइलनेम देऊन डिस्कवर सांडायची मुभा, अ‍ॅक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट -१, आणि डिस्कची कमाल मर्यादा. मग पलीकडचा सर्व्हर पडला तरी अलीकडे कोणी थांबत नाही.

मुळाकाठ, तुमच्या मार्गालाही हे लागू आहे बरं का. डॉकरचे लॉग ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये ब्लॉकिंगच असतात. मोड नॉन-ब्लॉकिंग केला तर प्रोग्रॅम थांबत नाही, पण बफर भरला की मेसेज फेकले जातात. ऑडिटचे लॉग असतील तर काय गमवायचं ते ठरवून निवडा. आणि सिसलॉग ड्रायव्हरला टीसीपी पत्ता दिला आणि तो बंद असला तर कंटेनर सुरूच होत नाही.

मुळाकाठ

अनघाताई, हे मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. आजच आमच्या सेटिंग तपासतो.

कोकणी_कर्नल

जर्नलडी ड्रायव्हर वापरणाऱ्यांसाठी एक. त्यात सगळ्या कंटेनरचे लॉग डॉकरच्या डेमनमार्फत जर्नलमध्ये जातात, त्यामुळे रेट लिमिट सगळ्यांचं एकत्र मोजलं जातं: मूळ सेटिंग ३० सेकंदांत १०,००० मेसेज. एक कंटेनर बोंबलत सुटला की बाकीच्यांचा आवाज दाबला जातो. जर्नलमध्ये 'सप्रेस्ड' शब्द शोधा, डॉकर.सर्व्हिसच्या नावाने ओळी सापडल्या तर हेच घडतंय.

शून्यपाच

अवांतर, पण जवळचं. कंटेनरमधून यूडीपी ५१४ वर, म्हणजे नेटवर्कवरून सिसलॉग, पाठवणाऱ्यांनी वेळेकडे बघा. ३१६४ च्या शिक्क्यात ना वर्ष असतं ना टाइमझोन. कंटेनर यूटीसीवर, होस्ट आपल्या वेळेवर, आणि फाइलमध्ये एकाच घटनेच्या दोन नोंदींत साडेपाच तासांचं अंतर. सॉकेटमार्गे हा त्रास होत नाही, कारण आरसिसलॉग तिथे मेसेजमधला शिक्का बाजूला ठेवून स्वतःचीच वेळ लावतो. ५४२४ वापरा, त्यात झोन येतो.

बापू_नाशिक

वेळेवरून आठवलं. सातारी, तुमचे ऑडिटवाले बहुतेक सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांवर बोट ठेवत असतील. लॉग १८० दिवस, भारतातच, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (वेळ पुरवणारे सर्व्हर) जुळवलेली. घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, तेव्हा नोंदी हाताशी लागतात.

यात कंटेनरवाल्यांचा पाय अडकतो तो असा. डॉकरचा मूळचा जेसन-फाइल ड्रायव्हर लॉग कंटेनरच्याच डिरेक्टरीत ठेवतो. कंटेनर काढून टाकला की लॉगही गेले, आणि नवीन व्हर्जन चढवताना आपण जुना कंटेनर काढतोच. वर मॅक्स-साइज दिला नाही तर ती फाइल डिस्क भरेपर्यंत वाढते. जर्नलही १८० दिवस धरेलच असं नाही. त्याची मूळ मर्यादा डिस्कच्या १० टक्के, आणि कमाल ४ जीबी. म्हणून होस्टवर आणि तिथून बाहेर, हा तुमचा आराखडा मला पटतो.

रेवती_क

बापूंना +१. आणि सॉकेट आत दिलं की कंटेनर कोणत्याही नावाने नोंद करू शकतो, हेही ऑडिटच्या दृष्टीने महत्त्वाचं. आत घुसलेला माणूस 'एसएसएचडी' या नावाने खोटी ओळ लिहू शकतो. मेसेजमध्ये कंटेनरचं नावही नसतं, होस्टचंच नाव लागतं. जर्नलडी असेल तर तो सॉकेटवरून पाठवणाऱ्याचा खरा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि सीग्रुप (तिचा गट) कर्नलकडून घेतो, त्यातून कंटेनर ओळखता येतो. अल्पाइनवर प्रत्येक कंटेनरला वेगळं सॉकेट द्या आणि प्रत्येक इनपुटला वेगळा रूलसेट (नियमांचा संच) आणि वेगळी फाइल. मग नोंद कुठल्या दारातून आली हे खोटं सांगता येत नाही.

खिडकीतला_पेंग्विन

वेगळं सॉकेट ही फार उत्तम सूचना. त्या दिशेनेच करा.

पुणे_पॉड

कुबरनेटीजवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी व्यवस्था) यातलं काय चालेल?

डोंबिवली_फास्ट

होस्टपाथ माउंट, म्हणजे होस्टची डिरेक्टरी आत देणं, बहुतेक क्लस्टरमध्ये बंद असतो, बेसलाइन सुरक्षा धोरणही तो नाकारतं. तिथे पॉडमध्येच (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) शेजारी छोटा सिसलॉग डेमन चालवा. दोघांत एम्प्टीडिर (पॉडपुरती रिकामी डिरेक्टरी) शेअर करा, सॉकेट त्यात, आणि डेमनने सगळं एसटीडीआउटवर ओतावं. बिझीबॉक्सचा (छोट्या कमांडांचा संच, अल्पाइनमध्ये असतो तो) 'सिसलॉगडी -एन -ओ /डेव्ह/एसटीडीआउट' पुरतो. पुढे नोडवरचा (क्लस्टरमधलं मशीन) फ्लुएंट बिट हा लॉग गोळा करणारा प्रोग्रॅम उचलतो. क्युबलेट (नोडवरचा कुबरनेटीजचा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगमध्ये कंटेनरमागे १० एमबीच्या ५ फाइली ठेवतो, तेवढ्या वेळात त्या उचलल्या गेल्या पाहिजेत.

सातारी_सर्व्हर

सगळ्यांचे मनापासून आभार. आयनोड पाहिले: होस्टवर ११८७, कंटेनरमध्ये ९१२. पेंग्विन म्हणाले तेच.

बिलिंगसाठी वेगळी डिरेक्टरी, वेगळं सॉकेट, वेगळा रूलसेट केला. आरसिसलॉग मुद्दाम रिस्टार्ट केला, पुढचीच नोंद आली. पोस्टफिक्स एसटीडीआउटवर नेलं, टॅग आणि 'मेल' फॅसिलिटी देऊन. एचएप्रॉक्सीच्या नव्या व्हर्जनची चाचणी सुरू आहे. अनघाताईंनी सांगितलेली रांग लावली आणि मध्यवर्ती सर्व्हरकडची वाट फायरवॉलने बंद करून पाहिली. बिलिंग थांबलं नाही, वाट उघडल्यावर साचलेलं सगळं पोचलं.

एक गोष्ट अजून खटकते. लॉगर कमांडने एक्झिट कोड शून्य का दिला? हेल्थचेकमध्ये (कंटेनर ठीक आहे का हे तपासणारी कमांड) तीच वापरायचा विचार होता.

खिडकीतला_पेंग्विन

युटिल-लिनक्स या कमांडसंचातल्या लॉगरला --सॉकेट-एरर्स असा पर्याय आहे, मूळ किंमत 'ऑटो'. ऑटोमध्ये तो बघतो की मशीनवर सिस्टिमडी आहे का. असेल तर सॉकेटची चूक सांगतो, नसेल तर सिसलॉग फंक्शनसारखाच गप्प राहतो. कंटेनरमध्ये सिस्टिमडी नसतो, म्हणून गप्प. हेल्थचेकमध्ये --सॉकेट-एरर्स=ऑन द्या, मग मेलेल्या सॉकेटवर तो चूक दाखवून बाहेर पडेल. बिझीबॉक्सच्या लॉगरला हा पर्याय नाही. अल्पाइन इमेजमध्ये युटिल-लिनक्सवाला बसवा.

अनघा_डब्लिन

आणि त्या हेल्थचेकला टाइमआउट द्या. आरसिसलॉग अडला तर लॉगरही तिथेच उभा राहील.

सातारी_सर्व्हर

दोन्ही केलं. ५ सेकंदांचा टाइमआउट ठेवलाय. आरसिसलॉग थांबवून पाहिला, कंटेनर लगेच 'अनहेल्दी' दाखवायला लागला.